घरी गप्प, रस्त्यावर टकटक

जगातल्या यच्चयावत दुःखांचं मूळ मोटारसायकलच्या व्हॉल्व्हपाशी असलेल्या केसभर फटीत आहे, असं मनापासून मानणारा एकच माणूस मी आजवर पाहिला आहे, आणि तो माझ्या बायकोचा सख्खा मामा आहे. लग्नाआधी मी पुण्याहून निजामाच्या शहरात, नल्लकुंट्याला त्यांच्या घरी स्वतःला दाखवायला गेलो, तेव्हा नोकरी, पगार, पत्रिका वगैरे किरकोळ गोष्टी मामींनी विचारून घेतल्या. मामा मला हाताला धरून अंगणात घेऊन गेले. तिथे त्यांची जुनी मोटारसायकल उभी होती. इंजिनाचं डोकं उघडून त्यांनी मला आतल्या दोन झडपा दाखवल्या. एकीतून पेट्रोलची वाफ आत येते, दुसरीतून, म्हणजे एग्झॉस्टमधून, धूर बाहेर जातो. त्यांना वरून दाबणारा एक दांडा असतो, तो रॉकर, आणि रॉकरला हलवणारा तो कॅम. दांडा आणि झडप यांच्यात थोडी फट ठेवायची, त्याला टॅपेट लावणं म्हणतात. "फट जास्ती झाली की टकटक वाजतंय, कमी झाली की व्हॉल्व्ह जळतंय. लक्षात आलं का, जावईबापू?" मी मान हलवली. मामा आत जाऊन म्हणाले, "पोरगा चांगला आहे, ऐकून घेतो." आमचं लग्न ठरलं ते असं.

मामा सरकारी खात्यातून निवृत्त झाले असले तरी त्यांचा खरा हुद्दा निवृत्त होण्यातला नव्हता. चिक्कडपल्लीपासून हिमायतनगरपर्यंतचे मेकॅनिक अडलेलं इंजिन घेऊन त्यांच्या फाटकापाशी येत. मामा लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक इंजिनाला टेकवत, मूठ कानाला लावत, डोळे मिटत आणि म्हणत, "एग्झॉस्ट का टॅपेट है मियाँ, खाली-पिली कॅम नक्को खोलो." आणि ते तेच निघे. फट मोजायला पातळ पोलादी पत्त्यांचं गेज मिळतं, पण ते मामांनी कधी घरात येऊ दिलं नाही. मी वाढदिवसाला एक आणून दिलं, तर त्यांनी ते नातवाने काढलेल्या चित्राकडे बघावं तसं कौतुकाने बघितलं आणि कपाटात ठेवून दिलं. "कान असताना पत्त्या कशाला?" या एवढ्या मोठ्या शहरात मामांचं संस्थान म्हणजे त्यांचा कान, आणि त्या संस्थानाचे ते निजाम होते.

निदान करण्याची ही पद्धत त्यांनी इंजिनापुरती ठेवली असती तर ठीक होतं. कोणताही आजार, भांडण वा घोळ समोर आला की त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असे: थंड असताना होतं की गरम झाल्यावर? आमची मुलगी तान्ही असताना संध्याकाळी रडायची, तेव्हाही त्यांनी तेच विचारलं, आणि बायकोने माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की जणू मामा माझ्या बाजूचे. एका लग्नात अंतरपाट दूर होऊन वधू हार घालणार, तेवढ्यात मामांनी हात वर केला. सगळे थबकले. कुणाला वाटलं मुहूर्त चुकला, वराच्या आईने तर खुर्चीच धरली. मामा म्हणाले, "मांडवामागच्या जनरेटरचा व्हॉल्व्ह जळू लागलाय." हार गळ्यात पडले, सप्तपदी झाली आणि लाडू वाढायला घेतल्यावर वीज गेली. मामा अंधारात शांतपणे जेवत होते.

अशा माणसाच्या स्वतःच्या गाडीने त्याचा छळ मांडावा, याला काय म्हणावं? गेल्या काही वर्षांत ती गाडी रस्त्यावर वाजायला लागली. मामा तासन्‌तास खपून टॅपेट लावत, इंजिन चालू करत, कान देत आणि समाधानाने हात पुसत. मग बाजारात निघाले की सिग्नलला शेजारचा रिक्षावाला म्हणे, "अंकल, टॅपेट बज रा आपका." दूधवाला सांगे, भाजीवाली सांगे, वाहतूक पोलिसाने तर गाडी बाजूला घेऊन सांगितलं. मामा घरी येऊन पुन्हा ऐकत, तर इंजिन गप्प. मग त्यांनी सिद्धान्त मांडला की गाडी घरी नीट वागते आणि चारचौघांत निघाली की तिच्या अंगात येतं. रॉकर बदलला. कॅम बदलला. व्हॉल्व्ह घासून घेतले. चिक्कडपल्लीच्या पंपावरचं पेट्रोल सोडलं. मेट्रोच्या खांबांवरून आवाज परत येतो अशीही एक शंका घेऊन झाली, आणि आम्ही दोघे एका दुपारी खांब नसलेल्या गल्ल्या शोधत हिंडलो. मी संगणकाच्या धंद्यातला, लग्नानंतर नोकरीसाठी याच शहरात आलेला. दाखवायला गेलं की गायब होणारा बिघाड आमच्याकडे रोजचाच, त्यामुळे मला सिद्धान्त पटलाही होता. मेकॅनिक मात्र फाटकापाशी येईनासे झाले. ज्याची स्वतःची गाडी वाजते, त्याला दुसऱ्याची कोण ऐकवणार? मामा ते बोलून दाखवत नसत, पण फाटकाकडे तोंड करून बसत. ते बघून मला फार वाईट वाटे.

एका रविवारी मी गेलो तेव्हा मामांचं काम नुकतंच आटोपलं होतं. इंजिन चालू होतं; मामांनी घरी टॅपेट लावून ते चालू केलंय आणि मी हजर आहे, असं प्रथमच घडत होतं. "बघा, कसं गप्प झालंय," मामा म्हणाले. गाडी शिलाई मशीनसारखी टकटक वाजत होती. मला वाटलं, मामा थट्टा करतायत. तेवढ्यात स्वयंपाकघराच्या खिडकीतून मामींचा आवाज आला, "अहो, वाजतंय की अजून!" मामा खिडकीकडे पाठ करून हात पुसत राहिले. मामींना त्यात नवल वाटण्यासारखं काही नव्हतं, नवऱ्याने आपलं ऐकायचं नसतं हे त्या संसाराच्या सुरुवातीपासून धरून चालल्या होत्या. मला मात्र कोडं सुटलं होतं. सांगायचं कसं, आणि मी कोण सांगणारा?

इंजिन थंड होईपर्यंत आम्ही जेवलो. शेवटी मी म्हटलं, "मामा, कानावर माझा विश्वास आहेच. पण माझ्या समाधानासाठी एकदा ते गेज लावून बघू या." मी जावई, म्हणून ते नाही म्हणाले नाहीत. कपाटातून गेज आणलं, झडपा मिटाव्यात म्हणून पिस्टन वर घेतला आणि मामांनी स्वतःच्या हाताने एक पत्ती फटीत सारली. ती सैल गेली. त्याहून जाड सारली, तीही गेली. मग सगळ्यात जाड पत्ती सारली, तर तीही सैल हलत होती.

मी काहीतरी समजुतीचं बोलणार होतो, पण निदान करणाऱ्याला निदान सांगावं लागत नाही. एवढी फट म्हणजे आवाज केवढा, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? "गाडीच्या अंगात कायबी येत नाही जावईबापू," ते हळूच म्हणाले. "बिचारी घरीबी वाजतच होती." आणि त्यांनी पत्त्या एकेक करून पुसल्या.

मामी ताक घेऊन पायरीवर आल्या होत्या. मामांनी त्यांच्याकडे पाहिलं. इतका वेळ गाडीबद्दल बोलणारा तो माणूस एकदम दुसऱ्याच कशाबद्दल तरी विचार करू लागलाय, हे मला दिसत होतं.

"अगं, एक विचारू?" ते म्हणाले. "तू हल्ली माझ्याशी हळू बोलतीस का?"

"नाही हो. बोलत होते तशीच बोलते."

"मला वाटू लागलं होतं, तू माझ्यावर राग धरलीस. घरात बोलणंच बंद केलीस. म्हणून मीबी काही विचारलो नाही."

मामींनी ताकाचा पेला पायरीवर ठेवला, मामांच्या अगदी जवळ जाऊन उभ्या राहिल्या आणि अर्ध्या नल्लकुंट्याला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने म्हणाल्या, "आणि मला वाटलं, तुम्हालाच माझ्याशी बोलायचा कंटाळा आलाय!"