गरम बॅटरी

मुरबाडकडच्या आमच्या गावात तेव्हा दिवसदिवस लाइट नसायची. अशाच एका दुपारी वहिनीला कळा सुरू झाल्या आणि जीपवाल्याला बोलवायचं, तर घरातला एकुलता मोबाइल बंद पडलेला.

शेजारचे काका धावत आले ते आपलं यंत्र घेऊनच. यंत्र म्हणजे ट्रॅक्टरची जुनी बॅटरी, दोन वायरी आणि चिमटे. ते बघूनच माझं डोकं फिरायचं.

"दोन मिन्टात फुल करतो," काका म्हणाले.

"काका, नाय होनार. मी रस्त्यावर जाऊन गाडी बघतो."

"गप रे, करू दे त्यांना," आई खेकसली. आत वहिनी कण्हत होती.

काकांनी मोबाइलची बॅटरी काढून तिला चिमटे लावले, मग ती एकेकाच्या तळहातावर ठेवली. "गरम लागते ना? म्हंजे भरली."

बॅटरी परत घातली, तर मोबाइलवर चार्जिंगच्या चारही काड्या आल्या. मीच खजील झालो. फोन लागला. जीपवाला म्हणाला, "बोला, कुठं येऊ?"

मी गावाचं नाव घेणार तोच स्क्रीन काळी झाली.

मी अनवाणीच रस्त्याकडे पळत सुटलो. मागून काका बॅटरी गालाला लावून ओरडत होते, "अरे थांब, गरम हाय अजून!"