नवसागरातला चौथा बंध

मी लिहिणारा माणूस नव्हे. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजात गेलेलं नाही, तेव्हा चुकलं तर सांभाळून घ्यावं. पण माझ्या खोलीवरच्या जोडीदाराबद्दल लिहिल्याशिवाय राहवत नाही, कारण क्षारांची एवढी काळजी वाहणारा माणूस सबंध सोलापुरात दुसरा नसेल.

शुक्रवार पेठेतल्या आमच्या खोलीत तो बसून कधी वाचायचा नाही. पुस्तक हातात धरून दारापासून खिडकीपर्यंत नुसत्या येरझाऱ्या. खालच्या काकू म्हणायच्या, "अरे, त्याला एकदा बसव की. आमचा पंखा हलतोय." मेसमध्ये आमटी निवायची आणि हा मिठाचे बंध सांगत राहायचा: सोडियमनं इलेक्ट्रॉन देऊन टाकला, क्लोरिननं घेतला, विषय संपला; पाण्याच्या रेणूत मात्र हायड्रोजन-ऑक्सिजनची भागीदारी. पण त्याचा खरा जीव नवसागरात, म्हणजे अमोनियम क्लोराइडात. वडील करमाळ्याकडच्या बाजारांत भांड्यांना कल्हई करतात. तापल्या पातेल्यात नवसागर टाकला की उठणाऱ्या पांढऱ्या धुरातच हा वाढला. त्या एका क्षारात देण्याघेण्याचा, भागीदारीचा आणि एकानंच दोघांचा वाटा घालायचा, असे तिन्ही बंध असतात हे कळल्यावर त्यानं लगेच घरी फोन केला. वडील म्हणाले, "असू दे. तू पास हो."

अडलं होतं तिथंच. रसायनशास्त्राचा एक पेपर राहिलेला. या खेपेला सुटला नाही, तर थोरल्या भावाच्या गॅरेजात जायचं ठरलेलं. आणि हा सरांशीच वाद घालून बसला. नवसागरात नायट्रोजनला चार हायड्रोजन जोडलेले. चौथ्यासाठी दोन्ही इलेक्ट्रॉन नायट्रोजन एकटाच घालतो, म्हणून तिथं बाण काढतात. हा म्हणाला, "सर, जोडल्यावर चारी सारखेच की. चौथा मागनं आला हे कशाला दाखवायचं?" सर हसले. "तुझं बरोबर आहे. पण पेपरात बाण काढ, बाळा. मार्क बाणाला आहेत."

पेपरात नेमका तोच प्रश्न आला. बाहेर आल्यावर मी विचारलं, "काढलास?"

"न्हाय. हातच उचलंना." बाणाऐवजी अर्धं पान कारण लिहिलं होतं म्हणे.

मग त्याला धीर निघेना. एका दुपारी गादी गुंडाळून गावी गेला, फोनही बंद. निकाल लागल्यावर मी त्याचा परीक्षेचा नंबर टाकून पाहिला आणि दिवसभर फोन लावत राहिलो. तिसऱ्या दिवशी भावाच्या गॅरेजातून त्याचाच फोन आला.

"चाळीस," मी म्हणालो. "सुटला पेपर."

मागं कुणीतरी पत्रा ठोकत होतं. ते थांबलं. मग तो हळूच म्हणाला, "खोलीवर माझी जागा हाय का अजून?"

तो गेल्यापासून त्या शांत खोलीत मला एक पान धड वाचता आलं नव्हतं.

"हाय की," मी म्हणालो.