वेणूबाईंचं हत्यार

वेणूबाईंनी दसऱ्याला राऊटरची पूजा केली आणि राऊटर गेला. खांदेश्वरच्या आमच्या बिल्डिंगमध्ये लोक ही गोष्ट एवढीच सांगतात आणि हसतात. मी त्यांच्या समोरच्या दारात राहते, पुढचं सगळं माझ्या डोळ्यांदेखत झालं, आणि हे अर्धवट हसणं मला सहन होत नाही. ज्यांना हसायचंय त्यांनी आधी पूर्ण ऐकावं.

वेणूबाई धवलारीण आहेत. आगरी लग्नात एकेका विधीला धवले गातात, ते गाणारी ही बाई. खाडीकाठच्या गावातली जमीन गेली, मिठागरात राबणारा नवराही गेला, आणि बाई मुलाबरोबर, मिथुनबरोबर, इथल्या वन बीएचकेत आल्या. वय सदुसष्ट, उंची पाच फुटांच्या आत, आणि आवाज असा की तळमजल्यावरचा वॉचमन मान वर करून बघतो. धवले त्यांनी कुठे लिहून ठेवलेले नाहीत. आहेत ते सगळे डोक्यात.

ते डोक्यातच राहून जाणार, असं त्यांनी जवळजवळ धरलं होतं. मग पायलचा फोन आला. पायल त्यांच्याच गावची, पुण्याला हॉस्पिटलात नर्स. तिच्या चुलतबहिणीचं, जागृतीचं, लग्न तुळशीच्या लग्नानंतर ठरलं होतं आणि त्या लग्नात धवले स्वतः गायचे असं पायलच्या मनानं घेतलं. ड्यूटी संपवून ती रोज चार वाजता व्हिडिओ कॉल लावायची. वेणूबाई आतल्या खोलीत दार लोटून बसायच्या. त्यांनी ओळ म्हणायची, पायलनं ती उचलायची. चुकली की पुन्हा पहिल्यापासून, कारण सुरू झालेला धवला मध्ये तोडायचा नाही हा बाईंचा नियम. मला समोरच्या घरात सगळं ऐकू यायचं आणि खरं सांगते, चारनंतर मी टीव्ही लावणं सोडून दिलं होतं.

आता दसरा. त्या दिवशी घरातली हत्यारं पाटावर मांडतात. नवऱ्याचं फावडं, कोयता, मिथुनचा लॅपटॉप. चाळीस वर्षं बाई दुसऱ्यांच्या हत्यारांना हळदकुंकू लावत आल्या. यंदा त्यांनी शोकेसमधून राऊटर काढला आणि फावड्याशेजारी मांडला. ओल्या फडक्यानं पुसला, हळदकुंकू हात राखून लावलं नाही आणि फुलानं चांगलं पाणी शिंपडलं. वरच्या बारीक भोकांतून सगळा प्रसाद आत गेला. पुन्हा वायर जोडली तर एकही दिवा लागेना.

मिथुन सणाच्या दिवशीही कळंबोलीला ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात होता. फोनवर त्यानं एकच मंत्र दिला, बंद करून चालू कर. बाईंनी तो दहा वेळा जपला. संध्याकाळी येऊन त्यानं राऊटर उघडला तर आत पिवळा-लाल चिखल. मी त्यांची वाटी परत द्यायला गेले होते आणि नेमकी दारात सापडले. तो चिडला. नवा आता कंपनीच पाठवेल, पंधरा दिवस लागतील, म्हणाला. बाईंनी विचारलं, मग पायलच्या शिकवणीचं काय? अजून चौदा धवले राहिलेत.

मिथुन वाईट मुलगा नाही. पण बोलून गेला ते गेलाच. "आई, टेन्शन कशाला घेतेस? तुझ्या धवल्यावाचून कोणाचं लग्न अडत नाय. डीजे असतो."

मला असा राग आला की वाटी तशीच हातात राहिली. बाईंचा चेहरा उतरला, तो क्षणभरच. मग त्यांनी राऊटर त्याच्या हातातून काढून घेतला. "मीच बिगरवला, मीच आनीन."

दोन दिवस त्यांनी मोबाइलच्या नेटवर शिकवून पाहिलं. आतल्या खोलीत रेंज नाही, हॉलमध्ये आवाज तुटतो. पायलनं तुटलेली अर्धी ओळच पूर्ण समजून पाठ केली. बाई घाबरल्या त्या तेव्हा. मोडका धवला शिकवला तर पुढे कायम मोडकाच गातील, म्हणाल्या, आणि तिसऱ्या दिवशी सकाळी मला घेऊन वाशीला निघाल्या.

दुकानदारानं आमच्याकडे पाहिलं आणि सहा अँटेनांचा खोका पुढे केला. गेमिंग, फोर के, अख्ख्या बंगल्याला पुरेल. "माजा बंगला कोनी बगितला?" बाईंनी विचारलं. मग म्हणाल्या, खोक्यावरचं मला वाचून दाखवू नका, मला गाऊन बघायचंय. दुकानदाराला कळेना. मी समजावून सांगितलं. त्याला हसू आलं, ते त्यानं दाबलं, एवढी अक्कल त्याला होती. काउंटरवर दाखवायला दोन राऊटर चालू होते, एक तो सहा शिंगांचा आणि एक साधा, दोन शिंगांचा. बाई फोन घेऊन मागच्या गोदामात गेल्या आणि दार लावून घेतलं. मी माझा फोन कानाला लावून फुटपाथवर उभी. आधी मोठ्यावर अख्खा धवला, मग लहानावर तोच धवला. दोन्हींत एक अक्षर गळलं नाही. दुकानातली दोन गिऱ्हाइकं मात्र खरेदी विसरली.

बाहेर येऊन बाईंनी फरक विचारला. दुकानदारानं खरं ते सांगितलं, की दोन खोल्यांच्या घरात काही फरक पडणार नाही. राऊटर कुठे ठेवता, त्याला जास्त महत्त्व. उंचावर, मोकळ्या जागी ठेवा, मध्ये लोखंडी कपाट येऊ देऊ नका. जुना तर टीव्हीमागे शोकेसमध्ये कोंबलेला होता आणि त्याच्या आणि बाईंच्या मध्ये लोखंडी कपाटच होतं. बाईंनी लहान राऊटर घेतला, आणि पैसे धवले गाऊन लग्नांत मिळालेल्या पाकिटांतून दिले.

केबलवाल्याला बोलावून त्यांनी वायर दारावरून फिरवून आतल्या खोलीत नेली आणि राऊटर त्यांच्या बसायच्या जागेवरच्या फळीवर बसवला. मिथुन आला आणि वायर बघून हडबडला. राऊटर सगळ्यांच्या घरी हॉलमध्येच असतो, टीव्ही इथे आहे, म्हणाला.

"टीवी बगनारा तू," बाई म्हणाल्या. "काम करनारी मी. यंत्र कामाजवल ऱ्हाते."

टीव्ही हॉलमध्येही व्यवस्थित चालला, ही गोष्ट वेगळी. बाईंनी नव्या राऊटरसमोर हळदकुंकवाची कोयरी आणली. मिथुननं डोक्याला हात लावला. त्यांनी राऊटर उलटसुलट फिरवून भोकं नसलेली बाजू शोधली आणि तिथे कोरडं बोट टेकवलं.

त्यानंतर रोज चार वाजता, एकही खाडा नाही. चौदाही धवले झाले.

जागृतीच्या लग्नाला मी गेले होते, मिथुनही आला होता. मांडवात चार मोठे स्पीकर. हळदीला पायल उभी राहिली, कपाळ घामानं ओलं, आणि तिनं पहिली ओळ घेतली. चांगली घेतली. वेणूबाई पहिल्या रांगेत मांडीवर हात ठेवून बसल्या होत्या आणि ओठ हलवत होत्या. धवला अर्ध्यावर आला तेवढ्यात डीजेवाल्यानं आपलं सुरू केलं. पायलचे शब्द बुडाले. तिनं बाईंकडे बघितलं. रडकुंडीला आली होती.

बाई उठल्या. कोणी काही म्हणायच्या आत स्पीकरांमागे गेल्या आणि भिंतीतली पिन उपटली. मांडव गप्प झाला. डीजेवाला धावत आला.

"बंद करून चालू कर," बाई पिन हातात धरून म्हणाल्या. "पन पोरीचा धवला झाल्यावर."

पायलनं तोच धवला पुन्हा पहिल्यापासून घेतला. बाया एकेक करून तिच्या मागे ओळ उचलू लागल्या. डीजेवाला मिथुनपाशी येऊन तणतणला, ही बाई कोण, हिला सांगा कोणीतरी.

मिथुननं आईच्या हातातल्या पिनेकडे पाहिलं. "ती धवलारीण हाय," तो म्हणाला. "तिचं होईपर्यंत थांबायचं."