वेटोळ्या फांद्यांचं हेझलनट

सौदीतल्या अबहाच्या हॉस्पिटल क्वार्टर्समध्ये बारा वर्षं बागवाली म्हणून माझंच नाव होतं. माझे मिस्टर तिथे एक्स-रे टेक्निशियन. घरापुढच्या चार हात मातीत मी पुदिना, मोगरा, जास्वंद आणि दोन डाळिंबं वाढवली होती. कुणाच्या रोपाने मान टाकली की लोक कुंडी उचलून थेट माझ्या दारात यायचे. मला ते आवडायचं, खोटं कशाला बोलू?

मग शेजारी साताऱ्याच्या एक डॉक्टरीणबाई राहायला आल्या. एकट्या, साठीला टेकलेल्या, बोलायला गोड. परदेशातल्या लेकीने त्यांना रियाधच्या एका नर्सरीतून झाड मागवून दिलं, शोभेचं हेझलनट. त्याला फळ धरेल याचा भरवसा नव्हता, पण फांद्या अशा की बघत राहावं. एकही सरळ म्हणून नाही. वळत, पिळत, पुन्हा आपल्याकडेच येणारी प्रत्येक फांदी. हिवाळ्यात पानं गळाली की नुसती वेटोळी उरायची आणि त्यांना पिवळे तुरे लोंबायचे.

आमची सौदी हेड नर्स बारा वर्षांत माझ्या फाटकाशी कधी थांबली नव्हती. ती मुलांना घेऊन त्या झाडाशी फोटो काढायला आली. "बुंदुक? हे?" म्हणत तिने फांदीवरून बोट फिरवलं. बुंदुक म्हणजे हेझलनटच, ते तिने फक्त डब्यात पाहिलेलं. मी कुंपणाच्या अलीकडे मोगऱ्याला पाणी घालत उभी होते. तिने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. घरात मिस्टर हसत म्हणाले, "तू पण तुझी डाळिंबं जरा पिरगळ, मग येतील लोकं बघायला." मी दोन दिवस त्यांच्याशी धड बोलले नाही. मी जळत होते, आणि तेही एका झाडावर.

उन्हाळ्यात डॉक्टरीणबाई दीड महिन्याच्या सुट्टीवर निघाल्या. चावी माझ्या हातात ठेवत म्हणाल्या, "भाभी, तुमच्याशिवाय कुणाच्या भरवशावर सोडू याला? तुमच्या हाताला यश आहे."

मी रोज न चुकता पाणी घातलं. डोंगरावरची माकडं कुंपणावरून उतरली तेव्हा झाडू घेऊन धावले. तेवढ्यापुरतं माझ्याकडे बोट दाखवायला जागा नाही. पण दुसऱ्या आठवड्यात बुंध्याशी, मातीलगत तीन फुटवे दिसले. सरळसोट, जाडजूड, मोठ्या पानांचे. मी खाली बसून खोड निरखलं. वीतभर वर जुना सांधा होता. म्हणजे हे कलम होतं.

रत्नागिरीला माझे अब्बा आंब्याची कलमं बांधायचे. मी आठ वर्षांची असल्यापासून त्यांनी मला रोपांच्या रांगांतून फिरवलं. "सांध्याखाली फुटवा दिसला की खुड," ते सांगायचे. "तो खुंटाचा, खालच्या साध्या झाडाचा. ठेवलास तर सगळं तोच खातो नि वरचं कलम उपाशी मरतं." असे किती फुटवे मी खुडले असतील, देव जाणे. त्या दिवशीही माझी दोन बोटं आपसूक पुढे गेली. मी ती मागे घेतली.

पुढचा महिनाभर त्या फुटव्यांना मीच पाणी घातलं. फोटो पाठवायचे ते फक्त शेंड्याचे. बाई व्हॉट्सअ‍ॅपवर लाल बदाम पाठवायच्या.

त्या परत आल्या तोवर फुटवे कमरेला लागले होते. "अगंबाई, काय फोफावलंय! भाभी, हे खालून आलंय, ते ठेवायचं ना?"

पुदिना कापत होते, कात्री माझ्या हातातच होती. एका शब्दाचं काम होतं.

"ठेवा की," मी म्हटलं. "हिरवं दिसतंय."

भाभींनी माझं झाड जगवलं, असं त्यांनी कॉलनीभर सांगितलं. लोक पुन्हा माझ्या दारात कुंड्या आणू लागले.

दोन वर्षांत वरची वेटोळी एकेक करून वाळली. बाई वाळकी फांदी मोडून हातात धरायच्या. "इथली हवा सोसली नाही बहुतेक," म्हणायच्या. मी "असेल" म्हणायचे. हेड नर्स यायची बंद झाली. तेव्हा तरी मला बरं वाटेल असा माझा हिशेब होता, पण तो चुकला. आता मला डॉक्टरीणबाईंचाच हेवा वाटायला लागला. असं डोळे मिटून कुणावर विसंबणं मला कधी जमलेलं नाही.

गेल्या वर्षी नोकरी संपवून त्या कायमच्या गावी गेल्या. जाण्याआधी त्यांनी माळ्याकडून झाड मुळासकट काढून माझ्या फाटकाशी लावून घेतलं. "तुम्हीच जगवलंत, तुमच्याकडेच शोभेल," म्हणाल्या आणि रडल्या. मीही रडले, आणि ते रडणं खरं होतं.

आता तिथे दहा-बारा सरळ काठ्या उभ्या आहेत. हे कसलं झाड, असं कुणी विचारत नाही. परवा बाईंचा मेसेज आला: "भाभी, पानं गळाली की फोटो पाठवा. वेटोळी तेव्हाच नीट दिसतात. एखादं तरी पुन्हा फुटलं असेल."

पानं गळून महिना झाला आहे. मी लिहिलं, "अजून गळाली नाहीत."