घडासमोरचा देठ

देठमास्तर चिडले की ओरडत नसत. नमुन्याची पिशवी टेबलावर उलटी करत आणि आणणाऱ्यालाच एकेक देठ निवडायला लावत. द्राक्षाच्या पानांचे देठ तपासून वेलीला काय कमी पडतंय ते सांगायचं, हे तारनाक्याच्या आमच्या प्रयोगशाळेचं काम. मास्तर तिथले मुख्य, मी त्यांच्या हाताखाली.

"घडासमोरचं पान, त्याचाच देठ. सगळ्या बागेत फिरून," ते बजावत. "शेंड्याचा नक्को. वेल उपाशी असली तरी शेंड्याला आधी वाढते. त्याला विचारलं तर तो पोट भरलंय म्हणणारच."

कुणी प्लास्टिकच्या पिशवीत ओली पानं कोंबून आणली, की विचारत, "काय हो, भाजी करायची का?" माणूस ओशाळून परत जाई आणि नीट नमुना घेऊन येई.

शहराबाहेर पद्मम्मांची बाग होती. ऐन फुलोऱ्यात मास्तरांनी मला तिथे पाठवलं. ऊन मी म्हणत होतं. घडांसाठी वाकून मांडवाखाली शिरावं लागे. मी कडेने लोंबणारे शेंडे खुडले, त्यांचे देठ पिशवीत भरले आणि परतले.

आकडे बघून मास्तर थबकले. "या बागेत पालाश इतका? घडासमोरचेच ना गं?"

"हौ, सर."

"तू म्हणतेस तर हौ." त्यांनी सही केली. दुसऱ्या कुणाची पिशवी असती तर परत पाठवली असती.

पालाशाचं खत द्यायला नको, असं आम्ही पद्मम्मांना कळवलं. पालाशाविना द्राक्षं आंबटच राहिली, घड टोकाकडून सुकले. त्यांनी एक घड आणून प्रयोगशाळेच्या मालकांच्या टेबलावर ठेवला. नमुना कुणी घेतला, मालकांनी विचारलं. "सही माझी आहे," मास्तर म्हणाले. मी बाजूला बीकर पुसत राहिले. मास्तरांना काढलं. बरं झालं, फार खडूस होता म्हातारा, असं लोक म्हणाले. त्या लोकांचा मला संताप येतो, मालकांचा येतो. पण मास्तरांच्या खुर्चीत जाऊन बसले ती मीच.

गेल्या वर्षी आबिड्सच्या पोस्टात ते रांगेत दिसले. मी सगळं सांगून टाकलं.

"मी विचारलं तेव्हा फुलोरा चालू होता," ते शांतपणे म्हणाले. "पुन्हा देठ आणले असते, खत दिलं असतं. फळ वाचलं असतं."

"सर, तुमची नोकरी..."

"नोकरीचं काय घेऊन बसलीस? पद्मम्मांना सांगितलंस?"

मी मानेनेच नाही म्हटलं.

"मग मला कशाला सांगतेस?" ते पुढे सरकले, वळून पाहिलं नाही.

या उन्हाळ्यात मास्तर गेले. पद्मम्मांकडे मी अजून गेलेली नाही.