नारूमामाचं जर्मन वाचन

लग्नकार्यात किस्से घडतात हे मला माहीत होतं. पण एका परीक्षेच्या अभ्यासातून इतके निघतील असं वाटलं नव्हतं! मी वर्गात फारशी बोलत नाही, म्हणून मैत्रिणींना वाटतं की माझ्याकडं सांगण्यासारखं काही नसतं. आता मनात इतके साठलेत की लिहून काढल्याशिवाय चैन पडणार नाही.

आमचा नारूमामा हैदराबादच्या एका कॉलेजात रसायनशास्त्राचा हंगामी मास्तर. त्या विषयातली मोठमोठी पुस्तकं जर्मन भाषेत असतात. म्हणून कॉलेजनं त्याला कळवलं, "जर्मन वाचनाची वरची परीक्षा पास व्हा, नोकरी पक्की. नाहीतर घरी." घरी म्हणजे अणदूरला, आजोबांच्या शेतावर. मामा औत धरायला गेला की त्याच्याआधी बैलच घाबरतात!

आमच्या मुरुमला जर्मन कोण शिकवणार? पण आमच्या गल्लीत एक म्हातारे डॉक्टरसाहेब आहेत. तरुणपणी ते जर्मनीत शिकून आलेले. मामा सुट्टी काढून आमच्याकडं येऊन राहिला. संध्याकाळी पेशंट गेले की दवाखान्याच्या ओसरीवर शिकवणी चालायची. आत पडद्यामागं डॉक्टरसाहेबांच्या बेगम, आमच्या चाची, मला कशिदा शिकवायच्या. माझे टाके कमी पडायचे आणि कानच जास्त चालायचे.

*

डॉक्टरसाहेबांनी एका वहीत जर्मन उतारे स्वतःच्या हातानं लिहून ठेवले होते, आधी सोपे, मग अवघड. म्हणाले, "पहिले आठ दिवस घरी वाचा. मग बसू."

पहिल्या दिवशी मामा रडकुंडीला आला. दुसऱ्या दिवशी जरा बरा दिसला. आठव्या दिवशी तर छाती पुढं काढूनच ओसरीवर गेला. "डॉक्टरसाहेब, काय तुमची वही! रोज सोपं सोपं वाटायलंय!"

डॉक्टरसाहेब खूष झाले. चाचींना शिरा करायला सांगितलं. मग विचारलं, "आज काय वाचलं?"

"हे मांजर आहे. मांजर दूध पिते. एकही शब्द अडला न्हाय!"

डॉक्टरसाहेबांनी चष्मा काढून पुसला. वही त्यांनी उर्दूच्या सवयीनं उजव्या बाजूनं सुरू केली होती. मामानं ती डावीकडून उघडली होती!

तेवढ्यात चाची पडद्यामागून म्हणाल्या, "जाने दो जी, शिरा तो बन गया!"

*

डॉक्टरसाहेबांचा एक नियम होता. "परीक्षेत डिक्शनरी मिळत नाही. अनोळखी शब्द आला की त्याला सलाम करा आणि पुढं चला. पुढच्या ओळीत तो आपणच ओळख देतो."

मामा आमच्या ओट्यावर बसून वाचायचा आणि खरोखरच हात कपाळाला लावायचा. समोर रमजानचाचांचं बांगड्यांचं दुकान. ते भल्या मनाचे. प्रत्येक सलामाला उलट सलाम करायचे.

तिसऱ्या दिवशी ते रस्ता ओलांडून आले. "मामासाहेब, तुमची अदब लई मोठी. पर सलाम घेता घेता गिऱ्हाईकाच्या हातात बांगडी चढंना झाली!"

*

दिवस जर्मनीशी चाललेल्या लढाईचे होते. जर्मन हा शब्द ऐकला तरी लोक दचकायचे. कुणीतरी चुगली केली आणि पोलिसांचे अमीनसाहेब दोन जवान घेऊन दवाखान्यात आले. डॉक्टरसाहेबांनी मामाला दिलेल्या जर्मन पुस्तकावर छडी ठेवून त्यांनी विचारलं, "ये किताब क्या बोलती?"

मामा डॉक्टरसाहेबांकडं बघू लागला. डॉक्टरसाहेब शांतपणे म्हणाले, "वाचून दाखवा."

उतारा होता, जनावराच्या कासेला सूज आली तर काय करावं याचा. मामानं एकेक ओळ वाचली आणि तिचा अर्थ सांगितला. अमीनसाहेबांनी सगळं ऐकून घेतलं आणि पुस्तक जप्त करून नेलं! परीक्षेला पंधरा दिवस राहिले होते. मामा त्या दिवशी जेवला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी अमीनसाहेब एकटेच आमच्या दारात आले. अंगात वर्दी नाही, काखेत पुस्तक.

"मास्टर, किताब लेके जल्दी चलो. हमारी भैंस हाथ लगाने नै देरी!"

चार दिवसांनी अमीनसाहेबांकडून तांब्याभर दूध आलं. डॉक्टरसाहेब म्हणाले, "चला, एका परीक्षेत तर पास झालात!"

*

आणखी एक नियम होता, आधी प्रश्न वाचायचे, मग उतारा. आणि जे उताऱ्यात नाही ते मनानं लिहायचं नाही.

अणदूरहून आजोबांचं पत्र आलं. आईला वाचता येत नाही. मामा म्हणाला, "अक्का, आधी तुझे प्रश्न सांग."

"बाबांची तब्येत कशी हाय?"

"दुसरी ओळ. बरी आहे."

"ज्वारी निघाली का?"

"चौथी ओळ. निघाली."

मग आई हळूच म्हणाली, "नारू, तू शेत सोडून गेलास म्हणून बाबा अजून रागावलेत का?"

मामानं पत्र वरपासून खालपर्यंत पुन्हा वाचलं. मागची बाजूही पाहिली.

"उताऱ्यात न्हाय, अक्का," म्हणाला, आणि पत्राची घडी घालून खिशात ठेवली.

*

मग मामा हैदराबादला जाऊन परीक्षा देऊन आला. आम्ही सगळे ओसरीवर जमलो. त्या दिवशी मीसुद्धा पडद्याच्या बाहेर बसले होते.

"कसा गेला पेपर?" डॉक्टरसाहेबांनी विचारलं.

"दोन प्रश्न राहिले," मामा खाली बघत म्हणाला. आईनं पदर तोंडाला लावला.

शेवटचा उतारा गोष्टीचा होता. बर्फ पडत असतो. एक बाई आजारी लेकरासाठी डॉक्टर आणायला निघते. नदीपाशी येते तर पूल मोडलेला. उतारा तिथंच संपला! मामानं पान उलटून पाहिलं, तर मागं कोरं. तो जागेवरून उठला आणि थेट परीक्षकांच्या टेबलाशी गेला. परीक्षक म्हणजे त्याच्याच कॉलेजातले मोठे प्रोफेसर.

"सर, लेकरू वाचलं का?"

"अजून वीस मिनिटं आहेत. जागेवर बसून उत्तरं लिहा."

"लिहितो सर. पण ती बाई नदी उतरली का, एवढंच सांगा!"

प्रोफेसरांनी त्याच्या हातातली उत्तरपत्रिका घेतली. पहिल्या पानापासून सावकाश वाचत गेले. मामा तसाच उभा. शेवटच्या दोन कोऱ्या जागांपाशी ते थांबले आणि त्यांनी पेनाला टोपण लावलं.

"मग? काय म्हणाले?" डॉक्टरसाहेब खुर्चीतून अर्धे उठले होते.

"म्हणाले, ती गोष्ट आपल्या लायब्ररीत आहे. पण तिथलं पुस्तक फक्त पक्क्या नोकरीतल्या मास्तरांनाच घरी नेता येतं."

"मग?"

"म्हणाले, सोमवारी येऊन घेऊन जा."