तिवऱ्याच्या कुमुदताई

कुमुदताई शेवडे माणसाच्या चेहऱ्याआधी त्याच्या पायांकडे बघत. झाशीबाहेरच्या संशोधन केंद्रात मी रसायनाच्या कामावर रुजू झाले, त्या दिवशी त्या प्रयोगशाळेच्या दारात उभ्या होत्या. नमस्कार राहिला बाजूला. म्हणाल्या, "जरा टाचांवर चालून दाखव." मी गोंधळून चार पावलं चालले. "ठीक आहे. आत ये. चाय घेशील ना?"

त्यांचं घर बड़ा बाज़ारच्या मागे. पिढ्यान् पिढ्या झाशीत राहिलेलं कुटुंब, त्यामुळे मराठीत हिंदी कधी शिरे ते त्यांनाही कळत नसे. माझे यजमान रेल्वेत, आम्ही नागपूरहून आलेलो. केंद्रात मराठी बोलणाऱ्या आम्ही दोघीच, म्हणून मी त्यांना ताई म्हणू लागले.

पायांची गोष्ट त्यांनी पुढे सांगितली. लहानपणी त्यांच्याकडे लाकडं फोडायला येणारा माणूस एका दुष्काळानंतर दोन काठ्यांवर आला. गुडघे आत वळलेले, चवडे जमिनीवर घासत होते. त्या वर्षी त्याच्या घरात महिनोन्‌महिने तिवऱ्याचीच भाकर होती. तिवरा म्हणजे महाराष्ट्रात ज्याला लाख म्हणतात ती डाळ. पाणी नसलं तरी ती उगवते, म्हणून सगळं गेल्यावर गरिबाच्या ताटात तीच उरते. पण तिच्या दाण्यात एक विष असतं. रोज पोटभर खाल्लं तर ते पायांच्या नसा मारतं; आधी टाचांवर चालणं जातं, आणि गेलेले पाय परत येत नाहीत.

ते विष कमी करायचं, एवढंच काम ताईंनी आयुष्यभर केलं. पानाच्या तुकड्यांपासून काचेच्या नळ्यांत रोपं वाढवायची. अशी रोपं कधी कधी मूळ झाडाहून वेगळी निघतात. हजारो रोपांमधून त्यांना एक सापडलं, ज्याच्या दाण्यात विष नावापुरतं होतं. त्यावरून नवा वाण तयार झाला. तरी प्रत्येक पिकाचा नमुना त्या माझ्याकडे तपासायला देत. "दाणा आपणहून काही सांगत नाही, मीनाक्षी. त्याला विचारावं लागतं."

पेरणीसाठी जवळच्या एका गावात बी दिल्याच्या तिसऱ्या वर्षी पाऊस आलाच नाही. झाशीतलं लक्ष्मी ताल नावाचं तळं काठच्या मंदिराच्या बाजूने भेगाळलं. गव्हाची शेतं करपली, ताईंचा तिवरा तेवढा उभा राहिला. गावकरी खूश झाले. वाणाच्या मान्यतेची फाइल वर गेली. कापणीचे नमुने मात्र माझ्या कपाटात पडून होते. विष मोजायच्या यंत्राचा दिवा गेला होता आणि नवा येत नव्हता. खरं सांगायचं तर मीही पाठपुरावा केला नाही. चांगलंच निघणार, असं मी धरून चालले होते.

दिवा आला तेव्हा कापणी होऊन दोन महिने झाले होते. पहिला आकडा बघून मला वाटलं, माझंच काहीतरी चुकलं. पुन्हा केलं. मग सगळे नमुने केले. विष कमी नव्हतंच, साध्या तिवऱ्याइतकं चढलं होतं. तहानलेलं झाड जास्त विष बनवतं, हे आम्हाला तेव्हा उमगलं. म्हणजे ज्या वर्षी लोक तेच खाऊन जगणार, नेमकं त्याच वर्षी.

कागद मी ताईंच्या हातात दिला. त्यांनी एकच विचारलं, "किती दिवसांपासून खातायत?"

आम्ही दोघी केंद्राच्या साहेबांकडे गेलो. साहेब म्हणाले, "शेवडे जी, दोबारा जाँच करवा लीजिए. फाइल ऊपर जा चुकी है. गाँव में शोर मत मचाइए."

"जाँच होती रहेगी, सर. तब तक वो लोग दो वक़्त और खा लेंगे," ताई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी पहाटेच्या बसने आम्ही निघालो. बिजौलीचे कारखाने मागे गेले तरी ताईंनी धरलेलं माझं मनगट सोडलं नव्हतं. त्यांचे हात बर्फासारखे गार होते, बाहेर मे महिना असूनही.

गावात घरोघरी जाऊन त्या लोकांना टाचांवर चालायला सांगू लागल्या. म्हातारे चालले, पोरं हसत चालली. वीस घरं झाली आणि मला जरा हायसं वाटलं. मग रामकली आली. बाविशीची, कडेवर मूल. मूल खाली ठेवून ती हसत उभी राहिली, चवडे उचलायला गेली आणि तोल जाऊन भिंतीला टेकली. "कछू नईं बाई, चार दिना से पिंडरी अकड़ गई," ती पोटरी चोळत म्हणाली.

ताई खाली बसल्या. त्यांनी तिचं पाऊल तळहातावर घेऊन वर दाबलं. ते पाऊल थरथरू लागलं आणि थांबेना. रामकली स्वतःच्याच पायाकडे परक्यासारखी बघत राहिली. तिचं हसू तेव्हा गेलं.

त्या संध्याकाळी चावडीवर ताई म्हणाल्या, "बीज मेरा था. मैंने कहा था, बेफ़िकर होकर खाओ. मैंने ग़लत कहा था."

एका म्हाताऱ्याने शांतपणे विचारलं, "सो अब का खाएँ?"

ताईंनी बायकांना डाळ उकळत्या पाण्यात भिजवून, थोडं विष उतरलेलं ते पाणी फेकायला शिकवलं आणि दुसऱ्या सकाळी त्या तहसील कचेरीत जाऊन बसल्या. गावात गहू पोचेपर्यंत, तीन दिवस, त्या तिथून हलल्या नाहीत. दुसऱ्या कोणाचे पाय गेले नाहीत. रामकलीचे मात्र सुधारले नाहीत.

फाइल त्यांनी स्वतः मागे घेतली. नंतर प्रत्येक नवं रोप आधी कोरड्या कुंडीत ठेवून, सुकवून मोजायचं, असा नियम केला. निवृत्तीपर्यंत सुकल्यावरही विष कमी ठेवणारं एकही रोप मिळालं नाही. दर महिन्याला त्या रामकलीकडे जात. काय बोलत, मला माहीत नाही.

गेल्या हिवाळ्यात ताई झोपेतच गेल्या. रामकलीला सांगायला मीच गेले. ती अंगणात खाटेवर बसली होती, काठी शेजारी. ऐकून तिने काठी उचलून मांडीवर घेतली. मग म्हणाली, "बाई खों भौत डर लगत हतो. हम कहत ते, अब मत डरो. मानी नईं."

थोड्या वेळाने तिने विचारलं, "अब बीज को देखत?"

"मी," मी म्हणाले, आणि मग हिंदीत, "अब मैं देखती हूँ."

तिने माझ्याकडे नीट पाहिलं. "सो अब तुम डरियो."